त्ये बोट तुमचं नव्हतं, आण्णा

आण्णा, गेल्या बुधवारी मी तुमच्या दारात तीनदा चपला काढल्या आन् तीनदा परत घातल्या. चौथ्यांदा काढाय लागलो तवा समोरच्या कट्ट्यावरची म्हातारी म्हनली, "आरं, येक तर आत जा, न्हाईतर हितं चपलांचं दुकान तरी मांड." तुमी असता तर ठसका लागंस्तवर हसला असता. मला हसू आलं न्हाई. साळंत छडी खाताना बी ज्याला हसू यायचं त्या दत्तूला हसू आलं न्हाई, ह्येवड्यावरनं काय त्ये समजून घ्या.

तुमी गेल्याचं मला उशिरा कळलं. परीक्षा संपली तशी मी आन् माजा धाकटा भाऊ शामू गावी गेलो हुतो, इस्लामपूरच्या अलीकडं. उसाला पानी पाजायचं काम चाललं हुतं. तितं कालेजातल्या दोस्ताचं कार्ड आलं. तीन वळी. आण्णा विषमज्वरानं गेले, अकरा दिवस ताप होता, शेवटी कोणाला ओळखत नव्हते. अकरा दिस तुमी तापानं फणफणत हुता, आन् मी पाटाच्या कडंला बसून शामूला प्रिन्सिपालसाहेबांच्या खोकल्याची नक्कल करून दाखवत हुतो.

कालेजच्या अंकवाल्यांनी मला बोलवून घेतलं. म्हनले, "तू लिही, तुला आण्णा तोंडपाठ आहेत. पण हसरं लिही हं. भाषा आम्ही नंतर शुद्ध करून घेऊ." म्हनलं लिवतो, पन भाषेला हात लावू नगा. मी आण्णांसंगं ज्या बोलीत बोलत हुतो त्याच बोलीत बोलनार. हसरं हुईल का न्हाई त्ये मात्र माज्या हातात न्हाई.

आपली पयली गाठ तुमाला आठवत असंल. जून म्हैना, फारम भरायचा दिस, व्हरांड्यात ही गर्दी. मी म्याट्रिक हून नवा कोरा पायजमा घालून आलेला. फर्स्ट इयरच्या फारमात केमिस्ट्री दोन परकारची हुती. येक प्रॅक्टिकलसकट. तिच्यावरनं म्होरं इंटर सायन्सला जायचं, डाक्टर व्हायचं, इंजनेर व्हायचं. दुसरी नुसती फळ्यावरची. येक पेपर दिला की सुटलो, पन ती घेतली की सायन्सचं दार बंद झालं म्हनून समजायचं. पोरांनी त्यांना थोरली आन् धाकली अशी नावं पाडली हुती. गावाकडनं आलेली पोरं डोळं झाकून धाकलीवर खूण करायची. थोरलीला काचा असत्यात, ॲसिड असतं, समदं इंग्लिशीत असतं, हातनं कायतरी फुटलं तर शिव्या कोन खानार? मी बी पेन धाकलीवर टेकवलं हुतं. तेवढ्यात मागनं आवाज आला.

"कुठलं रं तू?"

वळून बगतोय तर काळा कोट, कोटाला वाटाण्याएवढी भोकं, डोळ्यावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मला वाटलं शिपाई हाय.

"इस्लामपूरकडचा."

"घरचं गुऱ्हाळ हाय?"

"हाय की."

"काहिलीपाशी उभा ऱ्हायलाईस कवा?"

"चालाय लागल्यापास्नं."

"मंग त्यो पेन उचल आन् माज्यामागनं ये. फारम काय पळून जात न्हाई."

तुमी आमाला सात-आठ जनांना मेंढरं हाकल्यागत प्रयोगशाळंत नेलं. मेंढरं म्हनतोय म्हनून रागावू नगा, तुमीच सांगायचा की तुमचं घरानं आटपाडीकडचं, मेंढरामागं फिरनारं. दुष्काळात नदीकाठाला खाली आला, गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचं काम केलं, आन् त्याच जाळाच्या उजेडात पुस्तक वाचताना कुन्या हेडमास्तरानं बगितलं म्हनून शिकला. बी.एस्सी. झाला, डिमॉन्स्ट्रेटर झाला, आन् डिमॉन्स्ट्रेटरच ऱ्हायला. प्रोफेसर लोक फळ्यावर शिकवायचे, आन् पोरांच्या हातात नळी द्यायचं काम तुमचं.

त्या दिशी तुमी परत्येकाच्या हातात काचंची नळी दिली. आर्दी नळी पानी, खाली स्पिरिटचा दिवा. म्हनला, "उकळा." माज्या शेजारी सांगलीतल्या वकिलाचं पोरगं हुतं. त्यानं नळी देवापुढं उदबत्ती धरावी तशी सरळ धरली. पानी उकळलं आन् फस्सकन उडून छताला लागलं. मी आपली नळी तिरकी धरून हलवत ऱ्हायलो. येक थेंब सांडला न्हाई.

"ह्ये तुला कुनी शिकिवलं?"

"कुनी न्हाई. रसाची काहील उतू जाया लागली की हलवत ऱ्हावं लागतं न्हवं."

तुमी समद्यांकडं बगून मान डोलावली. मंग चिंचंच्या पान्यात निळा कागुद बुडिवला, त्यो तांबडा झाला. त्यात चुन्याची निवळी वतली, कागुद परत निळा. "गुऱ्हाळावर रसात चुना का टाकत्यात?"

"मळी वर याया."

"आन् रसाचा आंबटपना मराया. तुजा गुळव्या ह्येच करतोय, फकस्त त्याला कागुद लागत न्हाई."

"म्हंजे आमचा गुळव्या केमिस्ट हाय म्हना की!"

"हायच. त्याला कुनी फारम दिलं न्हाई, येवडंच."

मी इचारलं, "मंग आण्णा, मी कंची घेऊ?" समदी पोरं तुमाला आण्णाच म्हनत हुती, मी बी म्हनलं. तुमी म्हनला, "त्ये मी न्हाई सांगायचा. तुजं हात सांगत्याल." मी व्हरांड्यात गेलो आन् थोरलीवर खूण केली. त्या दिशी तुमच्यामागनं आलेल्या सात-आठातल्या पाचजनांनी तेच केलं. दर सालाला तुमी ह्ये करत हुता. ह्याचं कुटं नाव न्हाई, गाव न्हाई, नोंद न्हाई.

आता माजं ऐका.

मला आवाज काढायचा नाद लहानपनापास्नं. फौजदाराचा, किर्तनकाराचा, रेड्याचा, यष्टीच्या भोंग्याचा, कुनाचा बी. सांगलीत आल्यावर महिन्याभरात मी शहरी बोली अशी उचलली की केमिस्ट्रीच्या प्रोफेसरसाहेबांनी येकदा इचारलं, "पुण्यात कोणत्या पेठेत होतास तू?" मी गावाचं नाव सांगितलं न्हाई. नुसता हसलो. वर्गात येक दत्तू, तुमच्यासमोर दुसरा दत्तू. तुमच्या टेबलापाशी आलो की जीभ आपसूक सैल सुटायची. तुमाला ह्ये कळत हुतं. येकदा म्हनला बी, "दत्त्या, त्यो शहरी दत्तू कुटं दडिवलास रं? त्याला बी आन की चहाला."

मंग आलं गॅदरिंग.

नकलांच्या कार्यक्रमात मी परत्येक प्रोफेसर घेतला, आन् शेवटाला तुमाला ठेवलं. तुमाला आदी सांगितलं हुतं. तुमी येवडं खूश झाला की खुंटीवरचा कोट सोताच काडून दिला. "न्हे. पन भोकं वाडवून आनू नगंस." घरनं काकूंना बी घिऊन आला हुता. पाचव्या वळीत बसला हुता दोघं.

मी भोकाभोकाचा कोट घालून, दोऱ्याचा चष्मा चढवून, काहिलीपाशी बसतो तसा दिव्यापाशी उकिडवा बसलो. "बगा रं पोरांनू, चडली काकवी! हलीव, हलीव, उतू जाईल!" लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. मी दिव्याला फुंकलं, नळी नाकापास्नं लांब धरून हातानं वास वडला, चष्मा दोऱ्यानं वर केला. हितपतूर समदं तुमचं हुतं, आण्णा. येक केस बी इकडंतिकडं न्हाई. पाचव्या वळीत तुमी मांडीवर हात मारून हसत हुता त्ये मला वरनं दिसत हुतं.

पन मला वाटलं अजून कायतरी पायजे. हशा कुटं थांबवावा ह्ये मला कळत न्हाई, ह्यो माजा जुना रोग हाय. म्हनून मी ॲसिडची बाटली उचलली, त्यात बोट बुडिवलं, त्ये बोट चाटलं, आन् डोळं मिटून म्हनलो, "झाला रं गूळ! उतरीव काहील!"

असा हशा मी जल्मात ऐकला न्हाई. पयल्या वळीतले पाव्हने, कालेजच्या मंडळातले बडे लोक, रुमालानं डोळं पुसत हुते. प्रोफेसरसाहेबांनी पाठ थोपटली. मला पयल्या नंबरचा कप मिळाला. आन् पाचव्या वळीत तुमी हसायचं थांबला हुता. त्ये बी मला वरनं दिसलं.

दुसऱ्या दिशी कोट द्याया आलो. तुमी कोट खुंटीला लावला, आन् पाठ करूनच इचारलं, "दत्तू, त्ये बोट चाटायचं मी कवा केलं रं?"

"गंमत हुती, आण्णा."

"बाकीचं समदं माजं हुतं. मला बी पयल्यांदाच कळलं मी कसा दिसतोय. झ्याक वाटलं. पन त्ये न्हाई माजं."

"थोडं वरनं घातल्याबिगार हशा येत न्हाई."

"वरनं घातलं की भेसळ म्हनत्यात त्याला."

"तुमी बी आण्णा, नकलंला कुटं केमिस्ट्री लावताय!"

तुमी हसला. बोलनं तितंच संपलं. म्हंजे संपलं न्हाई, मी पळालो. त्या वादात शेवटचा शब्द मी टाकला आन् मला वाटलं मी जिकलो.

आठवड्यानं मी प्रयोगशाळंच्या मागल्या खोलीत नळ्या धूत हुतो. प्रोफेसरसाहेब आले आन् म्होरल्या खोलीत तुमच्यासंगं बोलाय लागले. दार लोटलेलं हुतं. मला समदं ऐकू आलं.

"मंडळातले लोक विचारत होते, आपल्याकडे मुलांना ॲसिडची चव घ्यायला शिकवतात का म्हणून. मला काय उत्तर द्यावं ते कळेना."

"न्हाई साहेब, त्ये तसलं काय मी..."

"मग त्या मुलानं ते कुठून आणलं?"

आण्णा, हितं तुमी गप झाला. मी भाईर यायची वाट बगत असाल का तुमी? मी हाय मागल्या खोलीत ह्ये तुमाला ठावं हुतं, तुमीच नळ्या धुवाय लावल्या हुत्या. मी हातात वली नळी धरून उभा ऱ्हायलो. दोन पावलं टाकायची हुती. "सर, ते मी वरून घातलं," येवडंच म्हनायचं हुतं, त्ये बी शहरी बोलीत, जी मला फडाफडा येत हुती. पन साहेबांनी थोपटलेली पाठ अजून गरम हुती.

मंग तुमीच म्हनला, "पोरांची गंमत हाय, साहेब."

माजं नाव तुमी घेतलं न्हाई.

साहेब म्हनले, "ठीक आहे. पण यापुढे छापील पुस्तकातलं वाचून दाखवत जा. गुऱ्हाळ वगैरे काढू नका. आणि फॉर्मच्या दिवशी मुलांना परस्पर इकडे आणत जाऊ नका. उद्या कोणाचं तोंड भाजलं तर?"

"बरं, साहेब."

तुमी मागल्या खोलीत आला न्हाई. मी नळ्या पालथ्या घातल्या आन् खिडकीतनं उडी टाकून गेलो. खिडकीतनं, आण्णा! दार मोकळं असताना.

तितनं म्होरं तुमी बदलला. "नळी अंशतः पाण्याने भरावी. ती तिरपी धरून सतत हलवावी." पुस्तक डोळ्याम्होरं धरून वाचायचा. पोरं आदी आपसांत हसली, मंग कंटाळली. येकानं मुद्दाम इचारलं, "आण्णा, चडली का काकवी?" तुमी पान उलटलं. माज्यासंगं बी तसंच. मी टेबलापाशी येऊन म्हनायचो, "आण्णा, चहा?" तुमी म्हनायचा, "आत्ता नको. धन्यवाद." त्यो धन्यवाद मला छडीपक्षा लागायचा. मी मनाशी म्हनायचो, आता सांगू, दिवाळीनंतर सांगू, परीक्षा झाली की सांगू. मी तुमची माफी मागायचं येवड्या झकास रीतीनं म्होरं ढकलत ऱ्हायलो की त्याचा बी येक कप मिळाला असता.

आन् मंग दुसरा जून आला. शामू म्याट्रिक झाला.

शामूबद्दल तुमाला मी कवा सांगितलं न्हाई. सांगायचं ठरवून ठेवलं हुतं, तुमी चकित व्हावं म्हनून. माज्या हाताचं तुमी कवतिक केलं, पन माजं हात शामूच्या हाताम्होरं काय बी न्हाईत. आमचा गुळव्या तापानं पडला तवा चौदा वर्साच्या ह्या पोरानं काहील उतरिवली. गार पान्यात काकवीचा थेंब टाकून, बोटानं त्याची गोळी वळून, "अजून येक दम" म्हनायचा, आन् बरोबर तेवडाच दम लागायचा. डाक्टर व्हायचं त्याच्या मनात हुतं. गावात त्ये कुनाला सांगायचा न्हाई, मला सांगायचा. सबंद वरीस मी त्याला तुमच्या गोष्टी सांगितल्या हुत्या. फारमाला भिऊ नगं, आण्णा हायेत, त्ये हात बगत्यात.

फारमाच्या दिशी व्हरांड्यात तुमी टेबलामागं यादी घिऊन बसला हुता. मी म्हनलो, "आण्णा, ह्यो माजा भाऊ. शामू."

तुमी त्याच्याकडं बगितलं. मंग त्याच्या हाताकडं बगितलं. पुसटसंच. त्याच्या बोटावर काकवीचा जुना चटका हाय, त्यो तुमाला दिसला, मी पैजंवर सांगतो. तुमचं ओठ हालले. शेजारच्या टेबलावर प्रोफेसरसाहेब बसले हुते.

"माहितीपत्रक वाचावे," तुमी म्हनला. "सर्व नियम त्यात दिलेले आहेत."

शामूनं माज्याकडं बगितलं. "दादा, ह्येच का त्ये आण्णा?"

मी काय बोललो ठावं हाय? मी म्हनलो, "गर्दी हाय आज. तुजं तू बग." थोरली घे म्हनून दडपून सांगितलं असतं तर त्यानं इचारलं असतं, तू सांगत हुतास तसं ह्ये का न्हाईत? मंग मला त्या बोटाची गोष्ट सांगावी लागली असती. खोलीत आमच्या ट्रंकंवर त्यो कप हुता. शामू रोज सदऱ्याच्या टोकानं पुसायचा त्यो.

शामूनं माहितीपत्रक वाचलं. समदं इंग्लिशीत. त्यानं तीनदा वाचलं, आन् धाकलीवर खूण केली.

सालभर त्यो फळ्यावरची केमिस्ट्री पाठ करत बसला. प्रयोगशाळंवरनं जाताना खिडकीपाशी थांबायचा. तुमी आतनं बगायचा का? बगत असाल. मी बगायचो, आन् दुसऱ्या बाजूनं जायचो.

तर ह्ये समदं घिऊन मी बुधवारी तुमच्या दारात चपला काढत-घालत हुतो. शेवटी शामूनंच मला खांद्याला धरून आत ढकललं.

काकूंनी गुळाचा चहा केला. तुमची खाट उभी करून ठेवली हुती. मी मान खाली घालून बसलो. काकूच बोलाय लागल्या. म्हनल्या, "गेल्या सालापास्नं घरात बी पुस्तकातल्यागत बोलायचे. 'पाणी आण, भात वाढ.' मला हसू यायचं. म्हनायचे, सवय लावतोय, तोंडाला वळन लागंल. येवड्या वर्षात मी त्यांचं तोंड येवडं गप कवा बगितलं नव्हतं." मंग पदर सावरून म्हनल्या, "दत्तू, तू त्या दिशी मांडवात काढला हुतास तसा आवाज काढ की. येकडाव. त्यांचा असा हसता आवाज मी लय दिसात ऐकला न्हाई."

आण्णा, मी जल्मात कुनाला नक्कल करायला न्हाई म्हनलो न्हाई. त्या दिशी म्हनायची इच्छा हुती. पन काकू जिमिनीवर मांडी घालून बसल्या हुत्या, लहान पोरीसारख्या वाट बगत.

मी शामूकडं तोंड केलं. तुमचा आवाज आला. कसा आला ठावं न्हाई, काढावा लागला न्हाई. "कुठलं रं तू? काहिलीपाशी उभा ऱ्हायलाईस कवा? मंग पेन उचल. भितोस कशाला? तुजा गुळव्या ह्येच करतोय. कंची घ्यायची त्ये मी न्हाई सांगायचा, तुजं हात सांगत्याल." शामू टक लावून बगत हुता. काकूंनी तोंडाला पदर लावला. हसत हुत्या का रडत हुत्या, मला बगायचा धीर झाला न्हाई.

थोड्या येळानं म्हनल्या, "त्ये बोट चाटायचं ऱ्हायलं की."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"चाटायचे न्हवं? मी त्यांना त्या दिशी घरी आल्यावर लय बोलले. म्हनलं, तसलं जहाल कायबी तोंडात घालू नगा, माजं कुंकू हाय. तर नुसते हसले."

म्हंजे तुमी काकूंना बी सांगितलं न्हाई! घरच्या मानसाच्या मनातनं बी काढलं न्हाई, माजी लाज झाकाया.

"काकू, त्ये त्यांचं नव्हतं," मी म्हनलो. "त्यांनी कवाच तसं केलं न्हाई. त्ये मी वरनं घातलं हुतं. त्याच्यापायीच त्यांचं बोलनं बंद झालं." आन् मंग मागल्या खोलीचं, खिडकीचं, समदं सांगितलं.

काकू उठल्या. चहाचे कप उचलून आत गेल्या. आतनं भांडं घासायचा आवाज येत ऱ्हायला, दोन कपांना लागतो त्यापक्षा कितीतरी जास्त येळ. भाईर आल्या तवा म्हनल्या, "जावा आता. दिस कलाय लागला." रागावल्या न्हाईत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घाटाकडनं येताना शामू चार पावलं म्होरं चालत हुता.

"दादा, म्हंजे फारमाच्या दिशी तुला समदं ठावं हुतं."

"व्हय."

"आन् आत्ता त्यांच्या आवाजात बोललास, त्ये तवा तुज्या आवाजात बोलला असतास तर चाललं असतं मला."

मी नदीकडं बगितलं. नदीला पानी कमी हुतं, धुनं धुनाऱ्या बाया लांब आत गेल्या हुत्या. शामू म्हनला, "मी फर्स्ट इयर परत करनार. थोरली घिऊन. येक वरीस जाईल, जाऊ दे. आबांना तू सांगायचं."

आमचे वडील आबा पलटनीतनं परत आलेले, तुमाला म्हाईत हाय. त्येंच्या म्होरं घरात मांजर बी कदम जुळवून चालतं.

"सांगतो," मी म्हनलो.

"कारनासकट."

"कारनासकट."

आबांकडं परवा जानार हाय. पन त्याच्या आदी काल मी प्रोफेसरसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. म्हनलं, म्हैन्याभरानं फारम निगत्याल, नवी पोरं येत्याल, आन् साहेबांच्या डोक्यात तुमी म्हंजे ॲसिड चाटनारा मानूस असाच ऱ्हाईल. वाटंत मी समदं शहरी बोलीत घोळून घेतलं हुतं. "सर, मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे." झकास वाक्य हुतं. दारापतूर पाठ हुतं.

साहेब अंगणात आरामखुर्चीत बसले हुते. म्हनले, "ये, ये. आण्णांवर लिहितोयस ना?"

मी तोंड उघडलं आन् त्ये वाक्य आलंच न्हाई. मी म्हनलो, "सायेब, त्ये बोट चाटायचं आण्णांचं नव्हतं. त्ये म्या वरनं घातलं हुतं. तुमी त्येस्नी बोलत हुता तवा मी मागल्या खोलीत हुतो, पन मी गप बसलो."

साहेब हसाय लागले. खुर्चीच्या हातावर थाप मारून हसले. "हुबेहूब रे! अगदी आण्णा समोर उभे केलेस! पुन्हा म्हण बरं, मी हिला बोलावतो."

आण्णा, मी कितीतरी मंडपांत हशाची वाट बगितली हाय. काल पयल्यांदा मला वाटलं, ह्यो हशा थांबावा, आन् त्यो माज्यानं थांबत नव्हता. साहेब आत वळून हाक मारनार, तेवड्यात मी दोन पावलं म्होरं गेलो.

"सायेब, ही नक्कल न्हाई. मी घरी असाच बोलतो. आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडं हाय."

त्येंच्या तोंडावरचं हसू लगीच गेलं न्हाई. थोडा येळ तसंच ऱ्हायलं, जागा न सापडल्यावानी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आन् माज्याकडं असं बगितलं जसं फारमाच्या दिशी नवं पोरगं बगत्यात.

"बस," म्हनले.

मी पायरीवर बसलो, आन् पयल्यापास्नं सांगाय लागलो.